चकतीपासून तारेपर्यंत : सीडी ट्रान्सपोर्टची पारख

सीडी ट्रान्सपोर्ट म्हणजे सीडी वाचून तिच्यावरचे अंक तारेतून बाहेर पाठवणारे यंत्र. नेहमीच्या सीडी प्लेअरमध्ये दोन कामे एकाच पेटीत चालतात. चकती फिरवून अंक वाचणे हे पहिले काम. त्या अंकांपासून अ‍ॅम्प्लिफायरला चालेल असा अ‍ॅनलॉग संकेत तयार करणे हे दुसरे. ट्रान्सपोर्ट फक्त पहिले काम करतो. दुसरे काम स्वतंत्र पेटीतल्या डिजिटल-टू-अ‍ॅनलॉग कन्व्हर्टरकडे, म्हणजे डॅककडे असते.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या सीडीचा पहिला प्लेअर, सोनीचा सीडीपी-१०१, १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. पुढच्या चार-पाच वर्षांतच दोन कामांच्या दोन पेट्या झाल्या. अ‍ॅक्युफेजची डीपी-८० आणि डीसी-८१ ही जोडी १९८६ची, तर टीअ‍ॅकच्या एसोटेरिक नाममुद्रेचा पी-१ हा ट्रान्सपोर्ट १९८७चा. स्कॉटलंडच्या लिनने २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणे थांबवले, तेव्हा हा प्रकार इतिहासजमा होणार असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. संगणक आणि स्ट्रीमिंगमुळे घरोघरी चांगले डॅक आले. आधीच्या सीडी ऐकण्यासाठी त्या घरांना केवळ वाचणारे यंत्र पुरेसे होते. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी किंवा ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी असे आवाक्यातले ट्रान्सपोर्ट याच गरजेतून आले. दुसऱ्या टोकाला एसोटेरिक, डीसीएस, सीईसी, मेट्रोनोम यांची अनेक लाखांची यंत्रे आहेत.

एवढ्या मोठ्या किंमतीच्या पल्ल्यात निवड करायची तर ट्रान्सपोर्टचे काम नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आधी ठरवावे लागते. त्याच्याकडून अपेक्षा दोनच आहेत : चकतीवरचा प्रत्येक अंक जसाच्या तसा वाचावा आणि तो ठरल्या वेळी पाठवावा. दोन्ही गोष्टी मोजता येतात. बाकी सारी किंमत बांधणीची, टिकाऊपणाची आणि वापरातल्या सुखाची असते. ती किंमतही खरी आहे, पण तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

चकतीवर काय असते

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक चकतीवर एका बाजूने सूक्ष्म खळग्यांची सर्पिल वाट उमटवलेली असते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेचे संरक्षण आणि सर्वात वर लेबलची छपाई असते. वाट आतून बाहेर जाते. तिच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते आणि पूर्ण भरलेल्या चकतीवर तिची लांबी पाच किलोमीटरहून जास्त होते. खळगे सुमारे अर्धा मायक्रोमीटर रुंद असतात. त्यांची लांबी ०.८३ पासून सुमारे ३ मायक्रोमीटरपर्यंत बदलते आणि या बदलत्या लांबीतच माहिती साठवलेली असते.

ही वाट ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने वाचली जाते. किरण चकतीच्या खालच्या पृष्ठभागात शिरतो तेव्हा त्याचा ठिपका जवळपास एक मिलिमीटरभर रुंद असतो. खळग्यांपाशी पोहोचेपर्यंत तो दोन मायक्रोमीटरच्या आत येतो. म्हणूनच खालच्या बाजूवरचा धुळीचा कण किंवा बारीक ओरखडा वाचनाच्या आड फारसा येत नाही, कारण तो किरणाच्या नाभीपासून दूर असतो. लेबलच्या बाजूला मात्र धातूच्या थरावर लाखेचे नाममात्र कवच असते. तिथला खोल ओरखडा थेट माहितीच खरवडून काढतो. चकती लेबल खाली करून ठेवण्याची सवय यामुळेच जास्त नुकसानीची ठरते.

वाचनाचा वेग दर सेकंदाला १.२ ते १.४ मीटर इतका स्थिर ठेवायचा असतो. त्यासाठी चकती सुरुवातीला मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि शेवटी २०० वर येते. चकती पूर्ण सपाट नसते आणि तिचे भोकही अगदी मध्यावर नसते. प्रमाणानुसार वाट मध्यापासून ७० मायक्रोमीटरपर्यंत इकडे-तिकडे सरकलेली चालते, म्हणजे एका बाजूला चाळीसहून जास्त फेऱ्यांची रुंदी. एवढ्या हलत्या वाटेवर किरणाला मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाइतके नेमके राहायचे असते. हे काम सर्व्हो करतो. परतलेला प्रकाश चार भागांच्या फोटोडायोडवर पडतो. त्या भागांमधल्या फरकावरून नाभी जवळ गेली की लांब, हे कळते आणि भिंगाला बांधलेली छोटी कॉइल त्याला वर-खाली, आत-बाहेर हलवत राहते.

वाचन किती स्वच्छ चालले आहे, हे ऑसिलोस्कोपवर थेट पाहता येते. सर्किट बोर्डावरच्या आरएफ असे लिहिलेल्या चाचणीबिंदूला प्रोब लावला की पडद्यावर एकमेकांवर रचलेल्या तरंगांची जाळी दिसते. सर्वात लहान खळग्यांचा तरंग सुमारे ७२० किलोहर्ट्‌झचा आणि सर्वात मोठ्यांचा सुमारे १९६ किलोहर्ट्‌झचा असतो. जाळीच्या मध्यभागी शंकरपाळीच्या आकाराची रिकामी जागा असते. तंत्रज्ञ तिला ‘आय पॅटर्न’ म्हणतात. शंकरपाळ्या रेखीव आणि रिकाम्या असतील तर लेसर, भिंग आणि सर्व्हो निरोगी आहेत. कडा पसरल्या आणि जागा धूसर झाली, तर भिंगावर पुट चढले आहे, लेसर थकला आहे किंवा चकती डगमगते आहे. जुने महागडे यंत्र विकत घेताना एखाद्या माहीतगार दुरुस्तीकाराकडून ही एक तपासणी करून घेतली तरी मोठा धोका टळतो.

चूक आणि तिची दुरुस्ती

सीडीवरचे वाचन बिनचूक असेल असे कुणी गृहीतच धरलेले नाही. नव्या चकतीतही दर सेकंदाला थोड्या चुका निघतात आणि प्रमाणाप्रमाणे सेकंदाला २२० पर्यंत चुकीचे गट चालतात. त्यांची दुरुस्ती मूळ रचनेतच बांधलेली आहे. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली सांकेतिक पद्धत सीडीसाठी दोन पायऱ्यांत वापरली गेली. त्यांना सी१ आणि सी२ म्हणतात.

दर सेकंदाला ७३५० चौकटी वाचल्या जातात आणि प्रत्येक चौकटीत संगीताचे २४ बाइट व पडताळणीचे ८ बाइट असतात. शेजारशेजारचे बाइट मुद्दाम वेगवेगळ्या चौकटींत, शंभराहून अधिक चौकटींच्या अंतरात विखुरलेले असतात. समजा चकतीवर एक मिलिमीटर लांबीची जागा पूर्ण कोरी पडली. वाचनाच्या वेगाने तिथे साधारण सहा चौकटी बुडतात. पण त्या चौकटींतले बाइट उलगडून मूळ क्रमाने लावले की कोणत्याही एका गटातले एक-दोन बाइटच हरवलेले दिसतात आणि ते पडताळणीच्या बाइटांवरून गणिताने परत मिळतात. हे परत मिळालेले अंक मूळ अंकच असतात. सलग सोळा चौकटींपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटरच्या कोऱ्या जागेपर्यंत, ही दुरुस्ती तत्त्वतः पूर्ण होऊ शकते. त्यापलीकडे यंत्र आधीच्या व नंतरच्या सॅम्पलवरून मधल्याचा अंदाज बांधते, आणि तेही जमले नाही तर क्षणभर गप्प होते.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. दुरुस्त झालेल्या अंकांमुळे आवाज ‘कोरडा’ किंवा ‘थकलेला’ होत नाही. अंक दुरुस्त झाला तर तो बरोबर असतो. अंदाज बांधला गेला असेल तरच तो मूळचा नसतो. त्यामुळे प्रश्न इतकाच उरतो, की चकत्यांच्या एखाद्या संग्रहावर हे यंत्र अंदाजाची वेळ किती वेळा येऊ देते. कमी येऊ देणारे यंत्र चांगले.

फिरवण्याच्या आणि वाचण्याच्या रचना

फिलिप्सच्या सुरुवातीच्या यंत्रणांमध्ये लेसर एका झुलत्या बाहूवर बसवलेला असे. सीडीएम-१ आणि सीडीएम-४ या मालिकेतल्या यंत्रणा आजही लोक शोधून घेतात. पुढे किरण सरळ रेषेत सरकवणाऱ्या स्लेडची रचना रुळली. फिलिप्सची सीडी-प्रो२ ही धातूच्या पायावरची यंत्रणा अनेक युरोपीय व आशियाई कंपन्यांनी आपल्या महाग ट्रान्सपोर्टमध्ये वापरली. तिचे उत्पादन आता बंद आहे. फिलिप्समधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी ऑस्ट्रियात उभ्या केलेल्या स्ट्रीमअनलिमिटेड या कंपनीच्या यंत्रणांनी ती पोकळी काही अंशी भरून काढली.

एसोटेरिकची व्हीआरडीएस ही रचना वेगळ्या विचाराची आहे. तिच्यात चकती फक्त मध्यभागी न धरता लेबलच्या बाजूने तिच्याएवढ्याच रुंद टर्नटेबलवर दाबून धरली जाते. वाकलेली चकती त्यामुळे सरळ होते, डगमग कमी होते आणि भिंगाला कमी धावावे लागते. सीईसीचे ट्रान्सपोर्ट मोटर दूर ठेवून चकती पट्ट्याने फिरवतात आणि वरून जड वजन ठेवतात. तिसरा मार्ग संगणकाच्या ड्राइव्हचा आहे. पीएस ऑडिओच्या परफेक्टवेव्ह ट्रान्सपोर्टने तो घेतला. चकती जास्त वेगाने वाचायची, अडले तिथे परत वाचायचे, अंक स्मृतीत साठवायचे आणि तिथून शांतपणे बाहेर सोडायचे, अशी ती पद्धत आहे. फेरवाचनाची सोय असल्याने खराब चकत्यांवर या पद्धतीचा फायदा होतो. मात्र जास्त वेगामुळे फिरण्याचा आवाज वाढू शकतो.

या रचनांचे उद्दिष्ट एकच आहे. ते साधले की नाही, हे रचनेच्या वर्णनावरून कळत नाही. ते बाहेर पडणाऱ्या अंकांवरूनच कळते.

वेळेचा प्रश्न

चकती कमीजास्त वेगाने फिरली तर सूर हलेल, ही भीती तबकडीच्या अनुभवातून येते. सीडीत वाचलेले अंक आधी एका तात्पुरत्या साठ्यात जातात आणि तिथून क्रिस्टल क्लॉकच्या तालावर बाहेर पडतात. चकतीचा वेग फक्त साठा रिकामा होऊ नये किंवा ओसंडू नये इतकाच सांभाळला जातो. सूर ठरतो तो क्लॉकवर. चांगल्या यंत्राचा क्लॉक दहा लाखांत ५० भागांपेक्षा जास्त चुकत नाही. ७४ मिनिटांच्या चकतीवर ही चूक सेकंदाच्या पाव भागाहून कमी भरते. सुरात मोजली तर ती एका सेंटच्या, म्हणजे अर्धस्वराच्या शंभराव्या हिश्श्याच्या, दहाव्या भागाहूनही लहान, आणि दोन श्रुतींमधले अंतर सहज वीसहून अधिक सेंटचे असते. तानपुऱ्याशी जोडून ऐकणाऱ्या कानालाही ती पकडता येणार नाही.

खरी चर्चा असते ती जिटरची, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांच्या सूक्ष्म मागेपुढे होण्याची. सर्वात कठीण परिस्थितीत, म्हणजे पूर्ण पातळीच्या २० किलोहर्ट्‌झ तरंगावर, १६ बिटांची चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची तर ठोका सुमारे १२० पिकोसेकंदांपेक्षा जास्त हलता कामा नये, असे गणित सांगते. संगीतात अशी परिस्थिती येत नाही. १० किलोहर्ट्‌झच्या स्वरावर एक नॅनोसेकंदाचा नियमित जिटर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना मूळ स्वरापेक्षा सुमारे ९० डेसिबल खाली दोन उपस्वर उमटतात. कानाची मर्यादा मोजण्याचे प्रयोगही झाले आहेत. बेंजामिन आणि गॅनन यांच्या १९९८च्या अभ्यासात शुद्ध स्वरांवर सुमारे १० नॅनोसेकंद आणि संगीतावर त्याहून जास्त जिटर ओळखू येण्याच्या काठावर होता. अशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये संगीतात मिसळलेल्या यादृच्छिक जिटरसाठी ही मर्यादा शेकडो नॅनोसेकंदांवर असल्याचे दाखवले. चांगले ट्रान्सपोर्ट यापेक्षा कितीतरी खाली असतात.

जिटर शेवटी महत्त्वाचा ठरतो तो डॅकमधल्या रूपांतराच्या जागी. ट्रान्सपोर्टमधून निघालेल्या तारेत अंक आणि ठोके एकत्र गुंफलेले असतात आणि डॅकला ते ठोके परत सोडवून घ्यावे लागतात. १९९०च्या दशकातल्या अनेक डॅकमध्ये आलेला जिटर बराचसा तसाच पुढे जात असे, त्यामुळे त्या काळी ट्रान्सपोर्ट बदलून आवाज बदलल्याच्या अनुभवांना तांत्रिक आधार होता. आजचे बहुतेक चांगले डॅक आलेले अंक स्वतःच्या क्लॉकवर पुन्हा लावतात. जुना डॅक असलेल्या घरी ट्रान्सपोर्टची निवड जास्त काळजीने करावी लागते, ती या कारणाने.

तार आणि खोबणी

घरगुती जोडणी बहुतांशी एस/पीडीआयएफ प्रमाणाची असते. ती ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्सिअल तारेतून किंवा तोशिबाने आणलेल्या टॉसलिंक या प्रकाशवाहिनीतून जाते. व्यावसायिक एईएस३ जोडणी ११० ओहमची आणि तीन पिनांच्या एक्सएलआर खोबणीची असते. कोअ‍ॅक्सिअलसाठी बीएनसी खोबणी सर्वात योग्य, कारण ती खरोखर ७५ ओहमची बनवता येते. नेहमीची आरसीए खोबणी तशी नसते. टॉसलिंकची बँडविड्थ कमी असली तरी ट्रान्सपोर्ट आणि डॅक यांच्यात विजेचा संबंध राहत नाही. त्यामुळे घरातल्या अर्थिंगच्या गोंधळातून येणारी गुणगुण थांबते. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतींत हा मोठा लाभ आहे. काही महाग यंत्रे क्लॉक वेगळा ठेवणारी आयस्क्वेअरएस जोडणी किंवा डॅकच्या क्लॉकवर चालण्यासाठी वर्ड क्लॉकची खोबणी देतात. जोडीचा डॅक त्याच प्रमाणाचा असेल तरच तिचा उपयोग.

सुपर ऑडिओ सीडी ऐकायची असेल तर आणखी एक अट येते. तिच्या उच्च प्रतीच्या थराचे अंक साध्या एस/पीडीआयएफमधून बाहेर देण्याची मुभाच परवान्यात नव्हती. एसोटेरिक, अ‍ॅक्युफेज, मॅकिंटॉश यांनी त्यासाठी आपापल्या खास जोडण्या केल्या. असा ट्रान्सपोर्ट घेणाऱ्याला डॅकही बहुधा त्याच कंपनीचा घ्यावा लागतो.

पहिली परीक्षा : अंक जुळतात का

सर्वात महत्त्वाची परीक्षा घरच्या संगणकावर होते. डिजिटल इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस लागतो. त्याचा क्लॉक ट्रान्सपोर्टकडून येणाऱ्या संकेतावर बांधायचा, सॅम्पलिंग ४४.१ किलोहर्ट्‌झवर ठेवायचे आणि संगणकातली दर बदलण्याची व पातळी बदलण्याची सगळी साधने बंद करायची. मग चकतीवरचा एक पूर्ण ट्रॅक नोंदवायचा. तोच ट्रॅक एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रामने काढायचा आणि अ‍ॅक्युरेटरिप या सामायिक ऑनलाइन संग्रहातल्या नोंदींशी ताडून तो बरोबर असल्याची खात्री करायची. दोन्ही फाइली पहिल्या आवाजी सॅम्पलवर जुळवायच्या आणि एकीतून दुसरी वजा करायची.

बाकी शून्य आली तर प्रत्येक अंक जुळला. एखाद-दुसऱ्या जागी बाकी उरली तर तिथे चकती वाचताना अंदाज बांधला गेला. सगळीकडे थोडी थोडी बाकी उरली तर यंत्र आपणहून अंकांवर प्रक्रिया करते आहे : पातळी बदलते आहे, सॅम्पलिंग वाढवते आहे किंवा काही मिसळते आहे. काही महाग ट्रान्सपोर्ट सॅम्पलिंग वाढवून पाठवतात. ती सोय बंद करता येते का, हे पाहावे. इंटरफेस नसेल तर डीटीएस प्रकारची ऑडिओ सीडी कामी येते. एव्ही रिसीव्हरने ती ओळखून सुरळीत वाजवली तर अंक न बदलता पोहोचत आहेत. एका बिटाचा सरसकट फेरफारही तिचा संकेत मोडतो.

स्वच्छ चकतीवर ही परीक्षा साधेसुधे यंत्रही बहुधा उत्तीर्ण होते. या निकालाचे वजन मोठे आहे. अंक जुळले की दोन यंत्रांमधल्या ‘खर्जातल्या वजना’चा किंवा ‘स्वरांभोवतीच्या हवे’चा फरक अंकांत शोधता येत नाही. उरतो तो वेळेचा आणि विजेच्या गोंगाटाचा भाग, आणि तो पुढच्या परीक्षांत तपासता येतो.

दुसरी परीक्षा : खराब आणि घरी बनवलेल्या चकत्या

यंत्रायंत्रांतला खरा फरक इथे उघडा पडतो. फ्रान्सच्या पिएर वेरानी नाममुद्रेच्या चाचणी-सीडीत सर्पिल वाटेवर मुद्दाम ठेवलेल्या कोऱ्या जागा आहेत आणि त्या ट्रॅकगणिक मोठ्या होत जातात. प्रमाणाची अपेक्षा फार कमी, ०.२ मिलिमीटरपर्यंत पार करण्याची आहे. दीड मिलिमीटर शांतपणे पार करणारे यंत्र समाधानकारक म्हणावे आणि दोन-अडीच मिलिमीटर पार करणारे उत्तम. फिलिप्सच्या तंत्रज्ञांसाठीच्या चाचणी-चकतीवर काळे ठिपके आणि बोटाच्या ठशाची नक्कल असते. त्यांवरून सर्व्हो वाट सोडतो का, हे कळते.

मराठी घरांतल्या संग्रहांसाठी आणखी एक कसोटी लावायला हवी : सीडी-आर. खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे आधी स्पूलवर, मग कॅसेटवर आणि २००० नंतर मोठ्या प्रमाणावर सीडी-आरवर उतरवली गेली. अनेक मैफली आज फक्त त्या रूपातच हाती आहेत. छापील सीडीत खळगे असतात, तर सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने उमटवलेल्या खुणा. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी उतरत जातो आणि चुका वाढत जातात. पुनर्लेखन करता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचे परावर्तन तर छापील चकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. छापील चकत्यांवर निर्दोष असलेला एखादा जुना, नावाजलेला ट्रान्सपोर्ट सीडी-आर ओळखतही नाही. त्यामुळे परीक्षेला जाताना संग्रहातल्या तीन-चार सर्वात अवघड चकत्या बरोबर न्याव्यात आणि त्यांचे शेवटचे ट्रॅक ऐकावेत. चकतीची डगमग बाहेरच्या कडेला सर्वात जास्त असते.

तिसरी परीक्षा : खुणा आणि सांधे

सीडीवर संगीताबरोबर काही सूचना असतात. १९८०च्या दशकातल्या, विशेषतः जपानी, काही चकत्यांवर वरचे स्वर मुद्दाम उचलून मुद्रित केलेले आहेत. वरच्या टोकाला ही उचल ९ डेसिबलच्या पुढे जाते. चकतीवरच्या एका खुणेवरून ती वाजवताना परत खाली आणायची असते. ट्रान्सपोर्टने ती खूण तारेतून पुढे पाठवली पाहिजे आणि डॅकने ती पाळली पाहिजे. साखळीत कुठेही खूण हरवली तर सारंगी आणि झांजा बोचऱ्या वाटतात आणि दोष मुद्रणाला दिला जातो. अशी एक चकती सोबत असेल तर खात्री एका मिनिटात होते.

दुसरी गोष्ट ट्रॅकच्या सांध्याची. शास्त्रीय संगीताच्या सीडींवर विलंबित आणि द्रुत बंदिशींच्या मध्ये, किंवा आलाप आणि जोड यांच्या मध्ये, न थांबणाऱ्या गायन-वादनातच ट्रॅक बदलतो. चांगला ट्रान्सपोर्ट हा बदल पूर्ण अखंड ठेवतो. तानपुरा चालू असताना बारीक टिचकी किंवा क्षणाची शांतता ऐकू आली तर यंत्र नापास. काही यंत्रे ट्रॅक निवडून लावला की पहिले काही मिलिसेकंद गिळतात आणि समेवर सुरू होणाऱ्या ट्रॅकची पहिली मात्रा कापली जाते. हेही तपासावे.

चौथी परीक्षा : जिटरचे मापन

ब्रिटिश अभियंता ज्युलियन डन यांनी यासाठी बनवलेला संकेत जगभर वापरला जातो. त्यात सॅम्पलिंगच्या एक चतुर्थांश, म्हणजे ११.०२५ किलोहर्ट्‌झचा स्वर असतो आणि त्याच्याबरोबर सर्वात खालचा बिट साधारण २३० हर्ट्‌झने उलटसुलट होत राहतो. हा संकेत सीडी-आरवर उतरवून वाजवायचा आणि डॅकच्या अ‍ॅनलॉग आउटपुटचा वर्णपट पाहायचा. मधल्या उंच रेषेच्या दोन्ही बाजूंना सममित उभ्या रेषा दिसल्या तर तो जिटर. १६ बिटांच्या संकेतातल्या मूळच्या रेषा वजा करून उरलेल्या मोजायच्या. मग त्याच डॅकला दुसरा, स्वस्त ट्रान्सपोर्ट जोडून तेच पाहायचे. दोन्ही चित्रे सारखी आली तर डॅक आपले काम चोख करतो आहे आणि क्लॉकसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

कानांची परीक्षा

ऐकून केलेली तुलना मोलाची असते, पण ती न्याय्य रीतीने करावी लागते. त्यासाठी एकाच आवृत्तीच्या दोन चकत्या, दोन ट्रान्सपोर्ट आणि दोन इनपुट असलेला एक डॅक लागतो. दोन्ही चकत्या एकाच वेळी सुरू करायच्या. अंक तेच असल्यामुळे पातळी आपोआप सारखी राहते. कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला न दिसता सहकाऱ्याने इनपुट बदलायचे आणि उत्तरे लिहून ठेवायची. १६ वेळांपैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखले तर ते केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तेवढे जमले तर फरक खरा मानावा. मग कारण शोधावे : एका जोडणीतून येणारी गुणगुण, खराब तार किंवा डॅकची जिटर न झेपण्याची मर्यादा.

डोळ्यांसमोर जड, सुंदर पेटी असताना आवाज भारदस्त वाटतो आणि तो अनुभव खोटा नसतो. पण तो पेटीबरोबर घरी येईलच, त्यासाठी क्लॉक बदलावा लागत नाही.

बांधणी, आवाज आणि सुटे भाग

महाग यंत्राचे पैसे सर्वात जास्त सार्थकी लागतात ते इथे. जड पाया आणि चांगली दाबपट्टी असेल तर चकती कमी थरथरते आणि रात्रीच्या शांततेत यंत्राची घरघर कानांवर येत नाही. ही तपासणी दुकानात होत नाही. घरी, पंखा बंद करून, एका हाताच्या अंतरावरून यंत्र ऐकावे. ट्रे सरळ आणि बिनखळखळ सरकतो का, चकतीची अनुक्रमणिका किती लवकर वाचली जाते, रिमोटवर ट्रॅकचे आकडे थेट दाबता येतात का, या रोजच्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षे त्यांच्याशीच गाठ असते.

सुट्या भागांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. लेसर झिजतो. सीडी-प्रो२ सारख्या यंत्रणेचे उत्पादन थांबल्यावर लाखोंच्या ट्रान्सपोर्टची दुरुस्ती कंपनीकडच्या शिल्लक साठ्यावर अवलंबून राहिली. म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत : यंत्रणा कोणाची आहे, ती आजही बनते का, आणि बदली यंत्रणा भारतात कोण बसवून देईल. जपानमधून वापरलेले यंत्र आणवणाऱ्यांनी ते १०० व्होल्टचे असते हे ध्यानात ठेवावे. त्याला भरवशाचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत भिंगावर पुट आणि बुरशी चढते. यंत्र पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा चालू ठेवावे, ट्रे उघडा टाकू नये आणि भिंग पुसायचे झाल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेला मऊ बोळा हलक्या हाताने फिरवावा. भिंग ज्या तारांवर तरंगते त्या फार नाजूक असतात. चकत्या मधून बाहेर सरळ रेषेत पुसाव्यात. गोल पुसल्याने पडणारा ओरखडा वाटेच्या दिशेने जातो आणि सलग चौकटी बुडवतो.

खर्चाचा क्रम

सगळ्या परीक्षांचा निष्कर्ष क्रमाने मांडता येतो. अंक न जुळणारा ट्रान्सपोर्ट कितीही देखणा असला तरी नाकारावा. अंक जुळणाऱ्यांमध्ये अवघड चकत्या आणि सीडी-आर वाचणारा निवडावा. डॅक आधुनिक असेल तर क्लॉकसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. डॅक जुना आणि आवडता असेल, तर जिटरचे मापन पाहून ठरवावे. हाती रक्कम एकच असेल तर आधी स्पीकर आणि खोलीची रचना, मग डॅक आणि शेवटी ट्रान्सपोर्ट, कारण ऐकू येणारा फरक याच क्रमाने घटत जातो.

मध्यम किंमतीचे, सुट्या भागांची हमी असलेले आणि कमी आवाजाचे यंत्र बहुतेक संग्रहांना पुरते. व्हीआरडीएससारखी भारी यंत्रणा घेणाऱ्याला उत्तम यंत्रशिल्प, दीर्घ आयुष्य आणि वाकड्या चकत्यांवरची निश्चिंतता मिळते. ज्याला हे हवे आहे आणि परवडते, त्याने ती समाधानाने घ्यावी. मुंबईच्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या ठिकाणांहून जमवलेल्या अनेक चकत्यांची पुन्हा छपाई होईल अशी चिन्हे नाहीत. त्यामुळे ट्रान्सपोर्ट कोणताही घेतला तरी संग्रहातल्या प्रत्येक चकतीची, आणि सर्वात आधी सीडी-आरची, पडताळलेली प्रत संगणकावर काढून दोन वेगळ्या जागी ठेवावी. चकती वाचता येते आहे तोवरच हे काम करता येते.